पडायला माणूस हवा

“काका, तुम्ही फक्त यायचं, गुद्दा टाकायचा आणि पडायचं,” नोरी म्हणाला.

मी विचारलं, “कशाने पडायचं?”

“म्हणजे?”

“तू मारणार आहेस का मला?”

तो हसला. आजकाल तो कुठल्याही प्रश्नाला आधी हसतो. मग म्हणाला, मारायची गरजच नाही. त्याने नुसता तळवा पुढे केला की समोरच्याचा तोल आपोआप जातो, हा आतल्या शक्तीचा भाग आहे. या पोराला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी त्याला ओळखतो. आतली शक्ती तेव्हाही कुठे दिसली नव्हती.

नोरी म्हणजे नोरियुकी, आमच्या गाबे सेन्सेईंचा मुलगा. नाहा शहरामागच्या चढावर सेन्सेईंचं घर होतं, त्याच्या खालच्या खोलीत ते कराटे शिकवायचे. दिवसा ते टोफू बनवून विकायचे आणि मी लोकांच्या छपरावरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करायचो. संध्याकाळी आम्ही समोरासमोर उभे राहून हातावर हात आपटायचो, कोपरापासून मनगटापर्यंत, आतून आणि बाहेरून, कातडी काळीनिळी पडेपर्यंत. सेन्सेई फारसं बोलत नसत. कुणी हलका हात टाकला तर एवढंच म्हणायचे, “त्याला फसवू नकोस.”

घरी गेलो की चियो, माझी बायको, म्हणायची, “बाह्या वर करा.” दिव्याखाली माझे हात धरून वळवून वळवून बघायची, बाजारात मासा बघावा तशी. डाग गडद असला तर म्हणायची, “आज कुणीतरी खरं वागलंय.” मग आवामोरी दारूत पाला मुरवलेली बाटली काढून चोळायला बसायची. डाग नसला तर म्हणायची, “आज नुसता चहा पिऊन आलात वाटतं.” तिने जन्मात कुणाला गुद्दा मारला नाही, पण आमच्यात कामाचा कोण आणि अंगचोर कोण, हे तिला माझ्या हातांवरून कळायचं. नोरीशी जोडी लागली त्या दिवशी म्हणायची, “अहो, हात बघा, जसे काही लग्नाला जाऊन आलेत.”

सेन्सेई आधी गेले. चियो गेल्या वसंतात गेली, पोटाच्या दुखण्याने.

मग नोरीने खोलीत आरसे लावले, एसी बसवला, स्वतःच्या पट्ट्यावर सोनेरी धाग्याने नाव भरून घेतलं. आता तो पाच दिवसांचे वर्ग घेतो. जपानच्या मोठ्या शहरांतून आणि परदेशातून लोक येतात. पाच दिवसांत कराटे येत नाही, पण सेन्सेईंच्या तसबिरीखाली फोटो निघतो. शेवटच्या दिवशी वस्तीच्या सभागृहात कार्यक्रम असतो आणि त्यात पडायला माणूस लागतो.

माझा चेहरा बघून नोरी म्हणाला, “नसेल झेपत तर विश्रांती घ्या काका. अधूनमधून चहाला या.”

चहाला या म्हणजे सरावाला येऊ नका, हे मला कळतं. मग आठवडाभर घरात मी, टीव्ही आणि देव्हारा. मी हो म्हणालो. तोपर्यंत मला फक्त नोरीची किळस यायची.

त्या तुकडीत ओसाकाहून आलेल्या एक हिगाकीबाई होत्या. चाळिशीच्या, मनोरुग्णांच्या दवाखान्यात नर्स. व्हरांड्यात एका रोग्याने त्यांचा गळा धरला होता. मानेवरची खूण अजून गेली नव्हती. इतर लोक सुट्टीला म्हणून आले होते, या सुट्टी काढून आल्या होत्या. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बूट घालताना त्यांनी मला विचारलं, “काका, तळवा पुढे केला की माणूस खरंच पडतो?”

मी म्हणालो, “तुमच्या नोरी सेन्सेईंना विचारा.”

“विचारलं. म्हणाले, विश्वास ठेवा.” त्यांनी बुटाची नाडी ओढली. “काका, माझ्यासमोर येणारा माणूस शंभर किलोचा असतो. आणि तो या वर्गाला आलेला नसतो.”

मी वाकून माझे बूट घातले. दुसऱ्या दिवशी पडायचं होतं ना.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. म्हाताऱ्या बायका घरून तळलेले गोड गोळे घेऊन आल्या होत्या. नोरी आतल्या शक्तीवर बोलला, लांबलचक. बापाने उभ्या आयुष्यात तेवढी वाक्यं उच्चारली नसतील. मग त्याचे तीन शिष्य ओळीने येऊन पडले. एकजण तर नोरीचा हात उठायच्या आधीच पडला. घाई असावी.

मग मी उभा राहिलो. समोर दुसऱ्या रांगेत हिगाकीबाई बसल्या होत्या. त्या नोरीकडे बघत होत्या आणि मांडीवर ठेवलेला त्यांचा तळवा हळूच पुढे-मागे होत होता. तो तळवा त्या घोकत होत्या.

मी सेन्सेईंवर टाकायचो तसा गुद्दा टाकला. नोरीने ओरडून तळवा पुढे केला. माझी मूठ तळव्याच्या बाजूने गेली आणि त्याच्या नाकाखाली थांबली, मिशीचे केस बोटांना लागले. थांबवली मीच. अशा माणसाला मारायला काय लागतं? त्याने डोळे गच्च मिटले होते.

मग टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जास्त. लोकांना वाटलं, आतल्या शक्तीने मूठ अडली. नोरीने एक डोळा उघडला, टाळ्या ऐकल्या, मग दुसरा उघडला आणि वाकून नमस्कार केला. बापाने टोफू विकला, तो निदान खाता तरी यायचा.

पडद्याआड तो हळू आवाजात म्हणाला, “काका, मंगळवारपासून येऊ नका.”

“तू डोळे मिटले होतेस, नोरी.”

“लोकांना आवडलं ना?” तो म्हणाला आणि फोटोसाठी पट्टा नीट करत बाहेर गेला.

मी बुटांपाशी आलो तर हिगाकीबाई उभ्या होत्या. फोटोला गेल्या नव्हत्या. “मूठ तुम्हीच थांबवलीत,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग मी काय करायचं?”

मी सांगितलं, दार कुठे आहे ते आधी बघून ठेवा. कोपऱ्यात अडकू नका. ओरडा, दुसऱ्याला बोलवा आणि पळा.

“आणि पळता नाही आलं तर?”

“मग मार बसेल. बसल्यावर हातपाय गळू नयेत, एवढं शिकता येतं. पण तेही पाच दिवसांत नाही.”

त्यांनी बाह्या वर सारल्या. विमानतळाची बस यायला वेळ होता. सभागृहामागे गाड्या लावायच्या जागेत आम्ही समोरासमोर उभे राहिलो. पहिले हात त्यांनी अगदी जपून टाकले, रोग्याची पट्टी सोडवावी तसे.

“मला फसवू नका, बाई,” मी म्हणालो.

मग त्यांनी आपटला. डोळ्यांत पाणी आलं, पण हात मागे घेतला नाही. मीही घेतला नाही. बस येईपर्यंत आम्ही तेच करत होतो. आतून फोटोसाठी सगळ्यांना हसायला सांगितल्याचा आवाज येत होता.

घरी आलो. देव्हाऱ्यात चियोच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, चहा ठेवला. मग दिवा लावून बाह्या वर केल्या. उजवा हात कोरा होता. डाव्यावर मनगटाजवळ एक डाग उठला होता, नवशिक्या हाताचा, वेडावाकडा, कडेने लालसर. कपाटातल्या बाटलीत तळाशी थोडं औषध अजून आहे. ते काढलं नाही.

हात दिव्याखाली धरला आणि वळवून वळवून दाखवला, आधी आतून, मग बाहेरून.