मोगरीचा उपास

भोईवाड्यातल्या चाळीच्या मागच्या अंगणात सकाळी आठ वाजताच एवढी गर्दी झाली, की नळावरची रांगसुद्धा मोडली. मधोमध गुणाजीची पोटुशी शेळी मोगरी, अंगात त्याच्या बायकोचा, रखमाचा जुना स्वेटर; आणि समोर जवळच्या मठातले चारेश्वर महाराज.

तीन दिवस मोगरीनं चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. गिरणी बंद पडल्यापासून गुणाजी शेळ्या पाळायचा. ऐन थंडीत आईच उपाशी राहिली तर पोटातलं करडू जगायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भायखळ्याच्या बाजारातून तो फ्लॉवरचा पाला, मटाराची सालं आणायचा, लाकडी गव्हाणीत टाकायचा. मोगरी हुंगायची आणि मान फिरवायची.

"मागच्या जन्मी ही गिरणीत मुकादम होती," महाराज गरजले. "कामगारांचे तळतळाट बाधलेत! आता बघा!"

त्यांनी आपल्या तांब्याच्या परातीत पाला घेतला, भस्म शिंपडलं, फुंकर मारली. मोगरीनं परात चाटूनपुसून लख्ख केली.

"महाराज की जय!" अंगण दणाणलं. रखमानं तर पदरच पसरला.

"घरी ठेवाल तर पुन्हा उपास! मठात आणून सोडा. करडासकट!"

बिचारा गुणाजी दावं सोडायला वाकला.

"काका, थांबा जरा." समोरच्या चाळीतली संघमित्रा पुढे आली. ती जनावरांची डॉक्टर. तिनं मोगरीचे दात पाहिले, पोट चाचपलं. "ही ठणठणीत आहे. गव्हाणीला हात कोण कोण लावतं?"

"मी. आणि महाराज. रोज सांजचे येवन कडांक हात चोळतत, आशीर्वाद म्हणान."

"अस्सं?"

तिनं साधा पाला जमिनीवर, वर्तमानपत्रावर ठेवला. मोगरी तुटून पडली. मग महाराजांकडून मूठभर पाला भस्म शिंपडून, फुंकून घेतला आणि गव्हाणीत टाकला. मोगरी शिंकली आणि मागे सरली.

"मुकादमाचा संप फक्त गव्हाणीपुरताच का हो, महाराज?"

महाराज उपरणं सावरू लागले. संघमित्रानं गव्हाणीत गरम पाणी ओतलं. वर पिवळट तवंग आला, उग्र वास सुटला.

"चरबी! थंडीत गोठून लाकडाला चिकटते, दिसत नाही. पण शेळीच्या नाकाला कळते."

रखमानं महाराजांच्या पुडीतलं चिमूटभर भस्म जिभेवर ठेवलं. "अगो बाय! ह्या तर मीठ!"

"शेळ्यांना आवडतंच ते," संघमित्रा म्हणाली.

महाराज "ग्रहांची उष्णता..." असं काहीतरी पुटपुटत सटकले, ते चपला न घालताच. उपरणं मोगरीच्या तोंडात राहिलं.

"तरी गुणाजी, थोडी शक्ती असेल ना त्यांच्यात?" शेजाऱ्यानं हळूच विचारलं.

गुणाजी गव्हाण खसाखसा घासत होता. "माका पण नाक होता रे. तीन दिवसांत एकदा तरी ह्या लाकूड हुंगलंय? नाय! नुसतो हात जोडून उभो." तो थांबला. "जनावर खाईना तर आधी डॉक्टराक दाखव. आणि महाराजाक इचार, कसा केलंस ता. इचारल्यान देव रागावणा नाय. रागावता तो भोंदू."