वास येते का, माताजी?

दुकानदार दुलीचंदनं मूठभर ठेचलेला लसूण तेलात टाकला आणि मागे सरकून उभा राहिला.

"आता ध्यान द्या, माताजी," तो म्हणाला. "असली मजा तं आता हाये."

चर्र झालं. लसणाभोवती बुडबुडे जमले. कढईतून ( ) उठला आणि दुकानभर पसरला असावा.

असावा. अनुसयाबाईंना एवढंच म्हणता येत होतं. लसूण त्यांना दिसत होता, ऐकू येत होता, पांढऱ्याचा पिवळा कधी होणार तेही कळत होतं. पण जिथे वास असायचा तिथे हे असं होतं: एक कंस, आत कोणी नाही. त्या मोठ्या तापाच्या वर्षी वास गेला तो परत आलाच नाही. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच.

शेगडी काळ्या काचेची होती, विजेवर चालणारी. भांडी कुठे ठेवायची ते काचेवर नुसत्या रेघांनी आखलेलं, आणि मधोमध एक लांबट जाळी. जाळीखाली पंखा. धूर, वाफ, वास, सगळं वर जाण्याआधीच खाली ओढून घेणारा. नागरा गावातल्या नव्या घरात चिमणी लावायला जागा नव्हती. ओट्यामागच्या भिंतीपलीकडे चुलत दिराचं घर होतं. म्हणून गुंजननं हे शोधून काढलं होतं, रोज जेवणं झाल्यावर मोबाइलवर बोट फिरवून फिरवून. आज सासूला स्कूटीवर मागे बसवून ती गोंदियाला घेऊन आली होती.

सगळं खाली ओढून घेणारा. अनुसयाबाईंची भीती तिथेच, त्या जाळीत होती.

कारण आजवर त्या दुसऱ्यांच्या नाकांवर रांधत आल्या होत्या. पुढच्या छपरीतून नवरा, केशोराव, ओरडायचे, "अवं, काही करपून राह्यलं!" दुर्गेश दारातूनच म्हणायचा, "जवसाचं तेल तापलं, आई." गुंजन तर अंगणात कपडे वाळवतानाही हाक द्यायची. हाक ऐकली की त्या भांडं उतरवायच्या आणि म्हणायच्या, "माहीत हाये मले." आता ही जाळी. छपरीत काही पोचणार नाही, अंगणात काही पोचणार नाही. त्या भाकरी थापत राहतील, पाठीमागे काहीतरी जळत राहील, आणि अख्ख्या घरात कोणालाच...

"लाइन गेली तं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

"मांगं चूल हाये ना, आई," गुंजन म्हणाली.

"काच फुटली तं?"

"नाही फुटत, माताजी. हत्ती उभा करा," दुलीचंद म्हणाला.

"हत्ती कायले रांधीन मी?"

दुलीचंद मोकळेपणी हसला. गुंजन हसली की नाही, कळलं नाही. स्कूटीवर येताना बांधलेला स्कार्फ तिनं अजून सोडला नव्हता. नुसते डोळे उघडे. अनुसयाबाईंना सकाळपासून तेच खुपत होतं. घरी कोणी "वास कसा येते?" म्हटलं की त्या आधी गुंजनच्या नाकपुड्यांकडे पाहायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. आज तिथे फुलाफुलांचं कापड होतं.

"वास येते का, माताजी?"

विचारलंच त्यानं.

त्यांनी कढईकडे पाहिलं. वाफ जाळीच्या बाजूला झुकली होती. कुठूनतरी घरघर ऐकू येत होती. म्हणजे पंखा ओढतो आहे.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज जरा जास्तच ठाम झाला. "काहीच नाही येत."

"अजी माताजी!" दुलीचंदनं टाळी वाजवली. "पंखा तं अजून चालूच नाही केला मी!"

वाफ छताच्या पंख्यानं झुकली होती. घरघर शेजारच्या फ्रिजची होती.

दुलीचंदचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं कढईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अनुसयाबाईंचा हात पदराकडे गेला, पदर नाकाकडे गेला, आणि अर्ध्यातच थांबला. आता झाकून काय उपयोग.

"मलेही नाही आला," गुंजन म्हणाली.

"काय बोलता, ताई? आख्खं दुकान..."

"लसूण जुना हाये तुमचा."

"सकाळीच बाजारातून आणला, ताई!"

"जुनाच हाये."

दुलीचंद लसणाची गड्डी हातात घेऊन उलटसुलट पाहू लागला. अनुसयाबाईंनी सुनेच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे कढईवर होते. तेवढ्यानं त्यांना कळलं, हिला ठाऊक आहे.

मागच्या थंडीत दूध उतू गेलं होतं. गॅस विझला होता आणि बटण उघडंच. त्या शेजारी उभ्या, हातात काडेपेटी. काडी काढलेली. त्यांच्याभोवती सगळीकडे ( ), आणि त्यांना काहीच नाही. गुंजन अंगणातून धावत आली. तिनं आधी त्यांचा हात धरला, मग बटण फिरवलं, खिडकी उघडली. म्हणाली, "वाऱ्यानं विझला असंन." बस, एवढंच. अनुसयाबाईंना वाटलं होतं, सुटले.

त्यानंतरच हिनं नव्या शेगडीचं काढलं होतं.

"तुमी बसा, माताजी," दुलीचंदनं स्टूल पुढे केलं. "थकल्या असान. आता आमी ताईसंगंच बोलतो."

बसा.

त्यांच्या सासूच्या, रुख्माबाईंच्या डोळ्यांत मोतिबिंदू उतरला तेव्हा घरात हाच शब्द बोलला गेला होता. तुमी बसा आता. किती मायेनं. रुख्माबाई बसल्या. मग कोणी त्यांना विचारलं नाही की भाजीत काय घालू, मग कोणी विचारलं नाही की भाजी कोणती करू, आणि शेवटी शेवटी तर घरात आज काय रांधलं हेही त्यांना ताट पुढे आल्यावरच कळायचं.

अनुसयाबाई बसल्या. मांडीवर दोन्ही हात, रिकामे.

"ह्याच्यात गॅस नाही ना कुठंच?" गुंजन विचारत होती. "जाळही नाही?"

"कुछ नहीं, ताई. भांडं उचललं का बंद."

"दूध उतू गेलं तं?"

"आपोआप बंद. वरतून घंटी वाजते."

"भांडं कोरडं पडलं तं?"

"तरी घंटी."

"आणि मंधातला पंखा बंद ठेवून रांधता येते?"

दुलीचंद बुचकळ्यात पडला. "येते. पण मंग पंख्यावाली कायले घेता?"

"पाहुणे आले तं लावू. रोज बंद ठेवू. घरात वास फिरला पाह्यजे."

"वास यावा म्हणून कोणी पंखा बंद करते का, ताई?"

"आमच्या घरी करते."

अनुसयाबाईंनी मान वर केली.

गुंजननं स्कार्फची गाठ सोडली. घामानं चेहरा ओला झाला होता, नाक लाल. ती चालत चालत दुकानाच्या पार मागे, कुलरांच्या रांगेपलीकडे गेली. तिथून तिचा आवाज आला.

"आई, उठा!"

त्या नुसत्या पाहत राहिल्या.

"उठा ना वो. घंटी तुमी वाजवा. मी इथून ऐकतो. रांधणार तुमी, तुमीच दाबून पाहा."

त्या उठल्या. दुलीचंदनं दाखवलं तिथे काचेवर बोट टेकवलं. आधी हलकं टेकवलं, काही झालं नाही. मग दाबलं.

( टीं टीं टीं )

"येते इथवर!" गुंजन ओरडली.

कढईतला लसूण तांबूस होऊन पुढे गेला होता. रंगावरून त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, कोणाच्या नाकाकडे न पाहता.

"गुंजन, वास कसा येऊन राह्यला वं?"

कुलरांच्या मागून एक लांब श्वास ऐकू आला.

"करपून राह्यला, आई. उतरवा."

"म्हणजे लसूण जुना नाही ना, ताई?" दुलीचंदनं विचारलं.

अनुसयाबाईंनी पदरानं धरून कढई उतरवली.

"माहीत हाये मले," त्या म्हणाल्या.