वखारीच्या दारावरचे पाणी

मी एक जुना आगीचा बंब आहे, आणि मित्रांनो, मला आगीची फार भीती वाटते. हसू नका. माझ्या पोटात पाणी असते खरे, पण ते किती लवकर संपते हे माझे मलाच ठाऊक!

कारखान्यातून निघालो तो थेट या खेड्यातल्या अग्निशमन ठाण्यात आलो. इथे पगारी जवान नव्हते. भोंगा वाजला की वेल्डर, शिंपी, शाळेतले मास्तर हातचे काम टाकून धावत येत. त्यांच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणत. कोणाची पाठ धरली आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे ताईंना बरोबर माहीत असे. "दमलेल्या माणसाने आज घरीच थांबायचं," असे त्या बजावत.

एका दुपारी लाकडाच्या वखारीला आग लागली. वेल्डर आणि मास्तर नळी घेऊन आत शिरले. तेवढ्यात वारा फिरला. ज्वाळा छपराला भिडल्या. माझा रंग फुगून तडकू लागला. पळून जावेसे वाटले. पण ड्रायव्हरकाका जागचे हलले नाहीत, मग मी कुठे जाणार?

"सगळे बाहेर या!" ताई ओरडल्या.

मास्तर आले. वेल्डर आला नाही.

"अहो, माझं लाकूड जळतंय! तिकडे पाणी मारा!" वखारीचे मालक ताईंच्या अंगावर धावून आले.

"जळू दे लाकूड. माझा माणूस आत आहे. उरलेलं सगळं पाणी दारावर!"

टाकी रिकामी होत चालली. माझा पंप धापा टाकत होता. दारात नुसता काळा धूर. ताई वाकून आत हाका मारत होत्या, "नळी धरून ये रे, नळी सोडू नकोस!"

अखेर एक काळवंडलेला हात दिसला. नळी चाचपत वेल्डर रांगत आला. ताईंनी त्याला बाहेर ओढले, आणि मागे छप्पर कोसळले. वखारीची राख झाली.

ठाण्यात परतल्यावर ताईंनी कोणालाच लगेच घरी जाऊ दिले नाही. मास्तर कोपऱ्यात एकटेच बसले. "मी त्याला आत सोडून आलो," ते पुटपुटले.

"मी बोलावलं म्हणून आलात. बरोबर केलंत," ताई म्हणाल्या. "मीही घाबरले होते, मास्तर."

ते ऐकून वेल्डरला एकदम रडू फुटले. कोणी त्याला गप्प केले नाही.

आता नवा बंब आला आहे. मी मागच्या शेडमध्ये धूळ खात उभा आहे. भोंगा वाजला की अजूनही माझा पत्रा थरथरतो. मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण बंब परत येताना दिसला, तर आग विझली का, हे नंतर विचारा. आधी विचारा, "सगळे आलात ना?"