लाईट बिलाच्या फोल्डरमधला खून

माझ्या दुरुस्तीच्या दुकानात लोक लॅपटॉप बॅगेतून आणतात. आमच्या सासूबाईंनी आणला तो उशीच्या अभ्र्यात घालून, छातीशी घट्ट धरून, आणि जिना धावत चढून.

"अगं, सुरूच होत नाहीये! नुसतं टक् टक् करतंय!"

"आई, आधी बसा. पडला का कुठे?"

"यांनी पाडला! पेपर शोधत होते म्हणे."

'हे' म्हणजे आमचे सासरे, वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक. तेही मागोमाग आलेच. "जुनं डबडं ते. केवढा आकांत करायचा त्याच्यासाठी!"

माझं टाळकंच फिरलं. घरात मी सून असेन, दुकानात मालकीण आहे. "बाबा, त्या स्टुलावर बसा. मी बोलावल्याशिवाय उठायचं नाही," मी म्हटलं, आणि स्क्रू काढायला घेतले. आत चकती फिरणारी जुनी डिस्क होती. ती बाहेर काढून वायरने माझ्या कॉम्प्युटरला लावली. काही नाही. उलटी धरली. टक्, टक्, घर्रर्र... आणि पडद्यावर फोल्डर दिसले! मी खुर्चीतच टुणकन उडी मारली.

"आई, ही कधी मान टाकेल सांगता येत नाही. पहिलं काय काढू? फोटो?"

"लाईट बिलं."

"काय?"

"'लाईट बिलं' नावाचा फोल्डर आहे. तेवढा काढ. बाकी गेलं तरी चालेल."

हाय रे देवा! मला वाटलं, धक्क्याने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. "अहो, बिलं ऑफिसातून पुन्हा मिळतात," म्हणत मी फोटोंवर क्लिक करणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं आणि कानाशी येऊन म्हणाल्या, "बिलं नाहीत गं. कादंबरी आहे. माझी."

"कादंबरी?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की स्टुलावरचे बाबा दचकले. झाकली मूठ उघडी पडली. मग आईंनी सगळंच सांगून टाकलं. बाबा दुपारी घोरायला लागले की त्या लिहायला बसायच्या. खुनाची गोष्ट. सुरुवातीची प्रकरणं एका प्रकाशक बाईंना पाठवली, त्यांना आवडली. उरलेली आज त्यांचं ऑफिस बंद व्हायच्या आत पोचली तर पुस्तक निघणार, नाहीतर प्रकाशक बाईंनी दुसऱ्या कुणाचं हस्तलिखित तयारच ठेवलं होतं.

"पण बिलांच्या फोल्डरमध्ये?"

"आपल्या घरात बिलाचं नाव काढलं की सगळे पांगतात. तिथे कोण बघतंय!"

"आणि उरलेल्या प्रकरणांची दुसरी कॉपी?"

"एकच लपवताना नाकी नऊ आले, दुसरी कुठे लपवू?"

ओरडायला वेळ नव्हता. उरलेल्यांतलं पहिलं प्रकरण आलं. दुसरं आलं. तिसरं निम्म्यावर असताना डिस्क तापली आणि पडद्यावरून गायबच झाली. आईंच्या तोंडचं पाणी पळालं. मी खाली धावले, ज्यूसवाल्याकडून बर्फ आणला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, वर टॉवेल गुंडाळला आणि डिस्कखाली ठेवून बाबांना हाक मारली. "धरा हे! पाण्याचा एक थेंब जरी डिस्कला लागला तर माझ्याशी गाठ आहे!"

बाबांनी मुकाट्याने धरलं. डिस्क परत जागी झाली! एकेक प्रकरण येत होतं आणि मी ते शेजारच्या पडद्यावर उघडून बघत होते, अक्षरं शाबूत आहेत ना म्हणून. बाबांची नजर तिकडे गेली. मग तिथेच चिकटली.

"अगं, जरा खाली सरकव. तो कुलूपवाला आत शिरला की नाही?"

"बाबा, बर्फ सरळ धरा!"

"धरलाय! तू सरकव!"

थोड्या वेळाने ते आईंकडे वळले. "काय गं, हा मरतो तो माणूस... निवृत्त. घोरताना शिट्टी वाजते. दुसरं कुणी बोलायला लागलं की मध्येच तोडतो. हा कोण?"

"काल्पनिक आहे," आई म्हणाल्या. मला हसू आवरेना.

"बरं, बरं. पण मारला कुणी? पुढचं प्रकरण काढ लवकर!"

आता राहिलं होतं फक्त शेवटचं प्रकरण. आम्ही तिघंही पडद्यासमोर वाकलो होतो. हिरवी पट्टी सरकली, अजून सरकली, टोकाला आली... टक्. आणि घरघर थांबली. बर्फ बदलला, वायर बदलली, उलटी केली, सुलटी केली. मेली ती मेलीच.

आई मटकन खुर्चीत बसल्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. एवढंच. मला रडूच फुटलं.

"जाऊ दे काय?" बाबा उसळले. "खुनी कोण आहे? तुला माहीत आहे ना? मग सांग, मी टाइप करतो! ऑफिस बंद व्हायला वेळ आहे अजून!"

आणि बसलेसुद्धा. आयुष्यभर निरीक्षणाचे अहवाल बडवलेली ती दोन बोटं कीबोर्डवर टपटप पडायला लागली. आई सांगत होत्या, आधी अडखळत, मग उभ्या राहून, मग दुकानभर फिरत. पाऊस, बंद खोली, दुधाचा पेला, पेल्याला हात लावणारी एकच व्यक्ती. बाबा मध्ये एक अक्षर बोलले नाहीत.

"लिहा. खून त्याच्या बायकोनेच केला होता."

बोटं थांबली. बाबांनी हळूच वर बघितलं. "बायकोने?"

"कागदावर मेलात म्हणून तर घरात सुखरूप आहात," आई म्हणाल्या.

बाबांनी वाक्य टाइप केलं, पूर्णविराम दिला आणि विचारलं, "का मारलं तिने?"

"कारण त्याने तिला कधी 'पुढे काय झालं' असं विचारलंच नाही."

बाबांनी हे वाक्यही टाइप केलं, आणि आईंकडे न बघताच, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पुढे काय झालं?"

आईंनी हातानेच डोळे पुसले आणि पुढे सांगायला लागल्या.