जर्मनच्या पातेल्यातले थेंब

मी खाजामियाँच्या पांढऱ्या गाडीतला एसी बोलतोय. आवाज जरा घरघरतो, पण वयाच्या मानानं बरा आहे.

माझा पहिला मालक लातूरचा डाळमिलवाला. त्याला घाई भारी. उन्हात तापलेल्या गाडीत बसला की काचा लावून लगेच मला शेवटच्या आकड्यावर ढकलायचा, आणि गार होईना म्हणून मलाच शिव्या. माझी जाळी धुळीनं बुजली होती, ती मात्र त्यानं कधी उघडून पाहिली नाही. मग गाडी अहमदपूरच्या खाजामियाँनी घेतली आणि माझं नशीब उघडलं. त्यांनी पहिल्याच दिवशी जाळी बदलली. भाड्यावर निघताना आधी चारी काचा उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर घालवायचे, मगच मला कामाला लावायचे.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्याची गोष्ट. गाडीतली गिऱ्हाईकं लातूर तोडून नवा जिल्हा कुठं व्हावा यावर तावातावानं भांडायची. घशाला कोरड पडली तरी जिल्हा हवाच होता! मी चाललो की गाडीखाली थेंब थेंब पाणी पडतं, हे खाजामियाँच्या बायकोच्या, चांदबीच्या ध्यानात आलं. तिनं खाली जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं ठेवलं. साचलेलं पाणी ती कोंबड्यांना पाजायची. माझ्या घामाला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता.

त्यांची लेक जोहरा बाळंतपणाला माहेरी आली होती, नववा महिना. एका दुपारी वीज गेली. पत्र्याखाली तिचा जीव कासावीस झाला. खाजामियाँनी तिला शेडमधल्या गाडीत बसवलं, इंजिन चालू करून मला लावलं. झळा येऊ नयेत म्हणून शेडचं दार ओढून घेतलं आणि टँकरच्या रांगेत गेले. माया होती ती, पण आंधळी.

मी जीव तोडून गारवा देत होतो. इकडं बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर कोंडत गेला आणि माझ्याच तोंडून आत शिरू लागला. जोहराची मान कलली. मला सगळं कळत होतं, पण हाक कशी मारणार? मी नुसता थेंब गाळत राहिलो.

तेवढ्यात पातेलं बदलायला चांदबी आली. दार उघडताच धुरानं तिला ठसका लागला. तिनं इंजिन बंद केलं आणि लेकीला ओढत उघड्यावर आणलं.

"डोळे उघड, बेटा," एवढंच ती म्हणत होती.

दवाखान्यात जोहराला दोन दिवस ऑक्सिजन लावला. खाजामियाँ दाराशी बसून होते. "गार हवा दिली म्हणून मी खुश होतो," ते म्हणाले. "पोरीचा जीव मीच घेऊन राहिलो होतो."

आठवड्यानं जोहराला मुलगी झाली, चांगली धडधाकट.

तेव्हापासून कुणी उभ्या गाडीत एसी लावून डुलकी घेताना दिसलं, की ओळख असो नसो, खाजामियाँ काच वाजवतात. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका म्हणून हात जोडतात. माझंही मागणं तेवढंच आहे.

आता मी थकलोय. घरात नळ आलाय. तरी गाडी दारात येऊन थांबली की उरलेल्या थेंबांसाठी चांदबी पातेलं सरकवतेच. परवा नातीनं विचारलं, नळाला पाणी असताना हे कशाला?

चांदबीनं तिला जवळ ओढलं. "राहू दे बेटा. ह्याच्या पायी तू हायस."