परत येण्याचा इरादा

रीनो मॅटिला आणि डार्लीन प्रुइट एकतीस वर्षं एका घरात राहिले, पण लग्न काही त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर रीनो म्हणायचा, "एकदा केलं होतं, तेवढं पुरे." आणि डार्लीन म्हणायची, "एकत्र राहतो हे सरकारला कळवायला आम्ही काय भाडेकरू आहोत?" लोक हसायचे. मीही हसले आहे. वेंडेल कॉप वकिलांच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं टायपिंग करते, फायली सांभाळते. अशा थट्टेची पुढे काय किंमत पडते हे निदान मला तरी आधी कळायला हवं होतं.

रीनो लेक सुपीरियरच्या काठी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याची पहिली बायको आयली. ती अडतिसाव्या वर्षी कॅन्सरने गेली. तिच्यासोबतचं तळ्याकाठचं घर त्याने विकलं, पुढे ते पाडून तिथे एका हॉटेलचा गाडीतळ झाला. मग टेकडीवरच्या रस्त्याला त्याने एक लहानसं घर घेतलं आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी डार्लीन तिथे राहायला आली. घर त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. छप्पर तिच्या पगारातून झालं, तळघरातली घर तापवायची भट्टीही. पण याची कुठे नोंद नव्हती.

रीनोने धंद्यातल्या भागीदाराच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. भागीदार दुसऱ्या राज्यात निघून गेला आणि कर्ज देणारी कंपनी रीनोच्या मागे लागली. तोवर त्याचं विसरणं सुरू झालं होतं, पण फार नाही. त्याच उन्हाळ्यात घराची बाहेरची भिंत रंगवताना शिडीवरून पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून नेताना त्याने शेजाऱ्याला बजावलं, "शिडी हलवू नकोस. तीन आठवड्यांत येतो नि दुसरी बाजू संपवतो."

हाड जुळलं, पण डोकं ढासळत गेलं. तीन आठवड्यांचे चौदा महिने झाले. दवाखान्यातून तो वृद्धांच्या शुश्रूषागृहात गेला आणि तिथेच राहिला. तेवढ्यात कंपनीने जिल्ह्याच्या कोर्टात निकाल मिळवला. एका सकाळी डार्लीन दार उघडते तर दारावर लिलावाची नोटीस डकवलेली. ती काढून, नीट घडी करून तिने आमच्या ऑफिसात आणली.

रीनोचं मुखत्यारपत्र तिच्याकडे होतं. कॉपसाहेबांनी त्याच्या नावाने फेडरल कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला आणि त्या दिवशी लिलाव थांबला. पण थांबला म्हणजे टळला नव्हे. आमच्याकडचा कायदा मोठा चमत्कारिक आहे. दिवाळखोराला कर्जातून सोडवायचं काम केंद्राच्या कोर्टाचं. पण त्याच्या हातात काय ठेवायचं, घर, अंथरूण, हत्यारं, हे बहुतेक राज्याचा कायदा ठरवतो. आमच्या राज्याचा कायदा सांगतो की माणूस ज्या घरात राहतो ते घेणेकऱ्यांना मिळत नाही. तो तात्पुरता बाहेर असला, पण परत येण्याचा इरादा असला, तरी तो तिथे राहतोच असं धरतात.

डार्लीन बायको असती तर प्रश्नच आला नसता. ती तिथे राहतच होती. पण कायद्याच्या लेखी ती कुणीच नव्हती. सगळं रीनोच्या इराद्यावर आलं.

घेणेकऱ्यांसाठी मालमत्ता गोळा करायला कोर्ट एक विश्वस्त नेमतं. आमच्या वेळी लॅथ्रप नावाचे गृहस्थ होते. वाईट माणूस नव्हता. त्यांनी हरकत घेतली की ज्याला घर आठवत नाही, तो परत येण्याचा इरादा कसा करणार?

सुनावणीला आधी शेजाऱ्याने शिडीची गोष्ट सांगितली, मग कॉपसाहेबांनी शुश्रूषागृहातल्या परिचारिकेला बोलावलं. तिने सांगितलं की रीनो रोज, दिवसातून दहादा म्हणतो, मला घरी जायचंय. कॉपसाहेब समाधानाने खाली बसले. मग डार्लीन उभी राहिली. तिला आदल्या दिवशी आम्ही पढवलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं. तिनेही तेच सांगितलं. लॅथ्रप यांच्या बाजूने एक तरुण वकीलबाई होत्या. त्यांनी एकच साधा प्रश्न केला.

"ते घरी जायचं म्हणतात, ते कुठल्या घरी?"

डार्लीन माहीत नाही म्हणाली असती तर तिथेच संपलं असतं.

"आयलीच्या," ती म्हणाली. "तळ्याकाठच्या. ते घर आता नाही."

"आणि तुम्ही कोण आहात असं त्यांना वाटतं?"

"स्वयंपाकघरातली बाई. मी रोज खायला घेऊन जाते ना."

वकीलबाईंनी पुढचा प्रश्न विचारला नाही. मान खाली घालून त्यांनी कागद सारखे केले.

परत येताना कॉपसाहेब गाडी चालवत होते. डार्लीन त्यांना म्हणाली, "मी शपथ घेतली होती."

"मी तुम्हाला खोटं बोला म्हटलं नव्हतं."

"नव्हतं. पण त्याच्याकडे आता आयलीचं घर तेवढं उरलंय. तेही त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि तो माझ्याच घराबद्दल बोलतो म्हणायचं? मला नाही जमणार."

न्यायाधीश हॅवरकँपबाईंनी निकाल दिला नाही. त्यांनी लिहिलं की असा प्रश्न राज्याच्या वरिष्ठ कोर्टापुढे कधी आलेला नाही. कायदा राज्याचा आहे, त्याचा अर्थ मी अंदाजाने ठरवणं योग्य नाही, ज्यांचा आहे त्यांनाच विचारते. आणि त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला एक प्रश्न पाठवला. त्याची प्रत आमच्याकडे आली. स्मृती गेलेल्या माणसाचा परत येण्याचा इरादा कायद्याने कधीचा धरावा, घर सोडताना होता तो, की आज आहे तो? मी ते वाक्य चारदा वाचलं आणि मग फायलीला लावलं.

उत्तर यायला अकरा महिने लागले. त्यातला बराचसा काळ बर्फाचा. डार्लीन रोज दुपारी शुश्रूषागृहात जायची, रीनोला आवडणारा फिनलंडकडचा वेलदोड्याचा पाव घेऊन. सुनावणीनंतर तिने त्याला आपल्या घराची आठवण करून देणं सोडलं. उलट तीच आयलीच्या घराबद्दल विचारायची. दार कुठल्या रंगाचं, वाफेची खोली कशी तापायची, आयली रागावली की काय करायची. तो भरभरून सांगायचा. एकतीस वर्षांत त्याने आयलीचं नाव फारसं काढलं नव्हतं, डार्लीननेही विचारलं नव्हतं. ती मला म्हणाली, "बाई चांगली होती गं. आमचं जमलं असतं."

एकदा त्याने तिला विचारलं, तुम्हाला नवरा आहे का. ती म्हणाली, नवरा नाही, पण एक जण आहे.

"चांगला आहे?"

"चांगला आहे. लग्नाचं नाव तेवढं काढत नाही."

"गाढव आहे," रीनो म्हणाला, आणि दोघंही हसली. हे सांगताना ती माझ्यासमोर पुन्हा हसली.

फेब्रुवारीत न्यूमोनियाने रीनो गेला. आमच्याकडे तेव्हा जमीन गोठलेली असते, खड्डा खणता येत नाही. शवपेटी दफनभूमीच्या दगडी कोठीत ठेवतात आणि बर्फ उतरल्यावर पुरतात. त्यामुळे डार्लीन एका वेळी दोन गोष्टींची वाट बघत होती, कोर्टाच्या उत्तराची आणि जमीन मऊ होण्याची. अर्जदारच गेला, आता खटल्यात काय उरलं, असं तिने विचारलं. कॉपसाहेबांनी समजावलं की दिवाळखोरीत अर्ज केला त्या दिवशीचं चित्र धरतात, नंतरच्या मरणाने ते बदलत नाही. ती म्हणाली, "म्हणजे कोर्टात तो अजून शुश्रूषागृहातच आहे."

दोन्ही गोष्टी मे महिन्यात, एकाच आठवड्यात आल्या. मंगळवारी दफन झालं. पस्तीस वर्षांपूर्वी आयलीच्या शेजारी त्याने स्वतःची जागा घेऊन ठेवली होती. दगडावर त्याचं नाव आधीच कोरलेलं होतं, फक्त शेवटचं वर्ष घालायचं होतं. डार्लीनने त्याचे पैसे दिले.

शुक्रवारी उत्तर आलं. चार विरुद्ध तीन. चौघांनी म्हटलं होतं की इरादा शाबूत मनाने करायचा असतो आणि शाबूत मनानेच सोडायचा असतो. माणसाच्या वतीने आजार त्याचं घर सोडून देऊ शकत नाही. पुराव्यात शेजाऱ्याची साक्ष होती, शिडीची. तीच त्यांनी ग्राह्य धरली. तिघांनी लिहिलं की जी इच्छा आता कुणाच्याच मनात नाही तिच्यासाठी घर राखून ठेवणं हा घेणेकऱ्यांवर अन्याय आहे. कॉपसाहेब म्हणाले, तिघांनी जास्त चांगलं लिहिलंय. पण चार ते चार.

हॅवरकँपबाईंनी ते उत्तर मानून लॅथ्रप यांची हरकत फेटाळली. रीनोने आजाराआधी केलेल्या मृत्युपत्राप्रमाणे घर डार्लीनला मिळालं.

ती तिथे एक हिवाळा राहिली. पुढच्या शरदात तिने ते बंदरावर काम करणाऱ्या एका जोडप्याला विकलं आणि बहिणीच्या गावाला जायचं ठरवलं. मी विचारलं, एवढं लढलीस कशाला मग. ती म्हणाली, लढताना तो होता.

खरेदीखतावर सह्या करायला ती आमच्या ऑफिसात आली होती. तोवर त्या निकालाला सगळे वकील 'मॅटिला' म्हणू लागले होते. त्या वर्षात मीच तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्यांच्या अर्जांत ते नाव टाइप केलं होतं. तिघांचीही घरं राहिली. मी तिला ते सांगितलं. तिला बरं वाटलं असावं.

मग ती म्हणाली, "त्या निकालात माझ्याबद्दल काही आहे का?"

मी कपाटातून प्रत काढली. बत्तीस पानं होती. ती खुर्चीत हातमोजे धरून बसली आणि मी पान न् पान बघितलं. पंधराव्या पानाच्या तळटीपेत एक ओळ होती: अर्जदाराच्या वतीने त्याच्या मुखत्याराने अर्ज दाखल केला. नाव नव्हतं.

मी ओळ तिला दाखवली. तिने चष्मा लावून ती वाचली.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कुठे सही करायची ते विचारलं.