शेवटचा गोल

लसीकरण जेमतेम अर्ध्यावर आलं आणि ऑफिसचे मोठे साहेब जिवावर उदार झाले, अर्थात दुसऱ्यांच्या. निर्बंध संपले, सोमवारपासून सगळ्यांनी पूर्वीसारखं शेजारी शेजारी बसायचं, असा हुकूम त्यांनी घरबसल्या सोडला. अंतर ठेवायला फरशीवर चिकटवलेले पिवळे गोल खरवडायचं काम सफाईवाल्या मावशींच्या गळ्यात पडलं. मावशींना अजून पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता, पण साहेबांचा धीर दोघांना पुरेल एवढा होता. फरशीवर रांगत बोथट सुरीने गोल खरवडता खरवडता मावशींचे गुडघे सोलून निघाले.

सोमवारी साहेब आले, तोंडावर दोन मास्क चढवून. मावशींनी त्यांच्या केबिनसमोरच्या शेवटच्या गोलाला सुरी लावली, तसे ते काचेआडून म्हणाले, "तो राहू द्या, मावशी. आणि बोलायचं असेल तर त्यातच उभ्या राहा."